माझगावच्या पाण्यातली शाळा : ‘डफरिन’ ते ‘चाणक्य’

रत्नागिरीकडच्या एखाद्या घरी दाराशी आलेल्या माणसाने ‘घरधनी कुठे?’ असे विचारले, तर एका शब्दात उत्तर मिळायचे : ‘बोटीवर.’ त्या एका शब्दात घराची सगळी हकीकत येऊन जाई. माणूस खलाशी असणार, फार तर सारंग झालेला असणार. मनिऑर्डर येत राहील, पण माणूस कधी येईल ते कंपनीलाच ठाऊक. आज बंगळूरमध्ये मराठी मंडळींच्या वधूवर मेळाव्यात एखाद्या मुलाबद्दल ‘मर्चंट नेव्हीत आहे’ असे सांगतात, तेव्हाही समुद्र तोच असतो आणि जहाजही मालच वाहत असते. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या गणवेशातला अधिकारी उभा राहतो. ‘बोटीवर’पासून ‘मर्चंट नेव्हीत’पर्यंतचे हे अंतर आपसूक कापले गेलेले नाही. त्यासाठी एक शाळा काढावी लागली. ती शाळा मुंबईत माझगावच्या धक्क्यासमोर, पाण्यात नांगर टाकून उभी होती. तिचे नाव ‘डफरिन’.

डिसेंबर २०२७ मध्ये या शाळेच्या पहिल्या तुकडीला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी जरा बिचकलोच. मी राहतो बंगळूरला, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर. इथून समुद्र गाठायचा तर एका अंगाला मंगळूर आणि दुसऱ्या अंगाला चेन्नई, दोन्हीकडे साडेतीनशे किलोमीटरांची रपेट. पण कागदपत्रे चाळू लागलो तसे ध्यानात आले की या शाळेच्या गोष्टीत आम्हा पठारावरच्या माणसांनाही जागा आहे, आणि ती पहिल्याच तुकडीपासून आहे.

खलाशी हजारो, अधिकारी कोण?

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणारे हिंदी खलाशी सुमारे पन्नास हजारांच्या घरात होते. कंपन्यांनी त्यांची वाटणीही ठरवून टाकली होती. डेकवर रत्नागिरीचे कोकणी मुसलमान आणि सुरत-काठेवाडकडचे खारवे, खाली बॉयलरपाशी कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण, आणि उतारूंच्या जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. डेकवरच्या उतरंडीत सर्वांत वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग सुकाणी, कसाब, खलाशी. स्वयंपाकाला भंडारी आणि झाडलोटीला टोपस. या माणसांची स्वतःची एक बोली होती, ‘लष्करी’. हिंदुस्तानी, कोकणी, पोर्तुगीज, अरबी अशा सगळ्यांची तिच्यात भेसळ. टॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात तिचा कोशच छापला, कारण त्या बोलीवाचून साहेबाला शीडही वर करता येत नव्हते. ‘हबेस’ म्हटले की ओढा, ‘आरिया’ म्हटले की सोडा. गोदीत किंवा कारखान्यात जड यंत्र चढवताना खलाशी आजही हेच दोन शब्द ओरडतात. त्यातला ‘आरिया’ थेट पोर्तुगीजांच्या जहाजावरून उतरलेला आहे, हे ओरडणाऱ्याच्या गावीही नसते.

हुकूम देणारा मात्र या उतरंडीच्या बाहेरचा असे. सारंग कितीही मुरलेला असो, ब्रिजवर उभा राहून दिशा ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्यासाठी सर्टिफिकेट लागे : सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर अशा चढत्या परीक्षांचे. परीक्षेला बसायचे तर अमुक वर्षे समुद्रावर अप्रेंटिस म्हणून काढलेली हवीत, आणि ब्रिटिश कंपन्या हिंदी मुलाला अप्रेंटिस म्हणून घेत नसत. म्हणजे परीक्षेचे दार उघडे आणि दारापर्यंत नेणारा जिना काढून घेतलेला, असा प्रकार. कायद्यात कुठेही ‘हिंदी माणसाला मज्जाव’ असे लिहिलेले नव्हते, आणि तसे लिहिण्याची गरजही नव्हती.

या प्रश्नाला धार आली ती ५ एप्रिल १९१९ रोजी. त्या दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले हे जहाज. कंपनी काढणाऱ्यांत नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. पुढे १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळूरमध्ये विमानांचा कारखाना उभा केला तेच हे वालचंद. इथल्या ‘एचएएल’च्या फाटकावरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की हा माणूस विमानांकडे जहाजांच्या वाटेने आला होता? ‘लॉयल्टी’ हिंदी मालकीची होती. पण मालक हिंदी झाला म्हणून अधिकारी हिंदी होत नाही. ते बाजारात विकत मिळत नाहीत. पंधरा वर्षांचे पोर हाताशी धरून घडवावे लागतात.

एक ठराव आणि अर्धी मान्यता

जानेवारी १९२२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मद्रासचे सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी हिंदी व्यापारी नौदल उभारण्याचा ठराव मांडला. मृदू बोलणारे, नेमस्त पक्षाचे कायदेपंडित. जहाजांच्या धंद्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण मागणी त्यांनी नेमकी केली : जहाजे हवीत, ती बांधण्याची सोय हवी आणि ती चालवणारे अधिकारी शिकवून तयार व्हायला हवेत. सरकारने रिवाजाप्रमाणे समिती नेमली. १९२३ च्या या ‘इंडियन मर्कंटाइल मरीन कमिटी’चे अध्यक्ष होते रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलॅम. सभासदांत लल्लुभाई सामळदासही होते. १९२४ मध्ये अहवाल आला.

समितीने मुख्यतः दोन गोष्टी सुचवल्या. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक टप्प्याटप्प्याने हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही एक. आणि अधिकारी घडवण्यासाठी मुंबई बंदरात एक प्रशिक्षण जहाज ठेवावे, ही दुसरी. पहिली शिफारस ब्रिटिश कंपन्यांच्या खिशाला हात घालणारी होती, ती सरकारने बाजूला ठेवली. दुसरीला खर्च बेताचा आणि त्यातून नाव मिळणार, म्हणून ती उचलली. आपल्या संस्थेचा जन्म हा असा आहे : शाळा मंजूर आणि शाळेतून निघालेल्या मुलांच्या नोकऱ्या नामंजूर. पुढची वीस वर्षे तिने हीच अडचण सोसली, हे विसरून तिचा इतिहास लिहिता येणार नाही.

शाळा जहाजावरच का?

शाळा जमिनीवरही भरवता आली असती. पण इंग्लंडमध्ये तेव्हा याबाबत एक परंपरा रुळलेली होती. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत १८५९ पासून ‘कॉनवे’ आणि थेम्स नदीत १८६२ पासून ‘वूस्टर’ अशी जुनी जहाजे नांगरून त्यांवर मुलांच्या शाळा चालत. दक्षिण आफ्रिकेने १९२२ मध्ये सायमन्स टाउनला ‘जनरल बोथा’ हे जहाज अशाच कामाला लावले होते. तोच नमुना मुंबईत आला.

जहाज सापडायला फार शोध करावा लागला नाही. इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या व्हिकर्स कारखान्यात बांधलेले आणि १९०४ मध्ये पाण्यात उतरलेले ‘डफरिन’ रॉयल इंडियन मरीनच्या ताफ्यात होते. त्याला नाव दिले होते १८८४ ते १८८८ या काळातल्या व्हाइसरॉयचे. फौजा वाहून नेणे हे त्याचे काम. पहिल्या महायुद्धात ते तांबड्या समुद्रातल्या गस्तीवर होते. अरबांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला त्या दिवसांत तिकडच्या बंदरांना ज्या जहाजांचा आधार होता, त्यांत हेही होते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, जहाजाच्या हिशेबाने उतारवयात, ते शाळामास्तर झाले. सैनिकांच्या जागी वर्ग आले आणि ‘इंडियन मर्कंटाइल मरीन ट्रेनिंग शिप डफरिन’ या लांबलचक नावाने ते माझगावपाशी कायमचे नांगरले गेले. पहिले कॅप्टन सुपरिंटेंडेंट रॉयल इंडियन मरीनचे डिग्बी-बेस्ट.

पहिली तुकडी

१९२७ च्या डिसेंबरात पहिली मुले जहाजावर चढली. शाळेच्या पटावरची मुलेच ती, चौदा ते सोळा वर्षांची. जहाजावर तीन वर्षे काढायची. त्यात नेहमीचे शालेय विषयही शिकायचे आणि नौकानयनाचेही. मग पुढे समुद्रावर अप्रेंटिसी आणि त्यानंतर सर्टिफिकेटची परीक्षा.

त्या काळच्या मध्यमवर्गी घरात हा निर्णय सोपा नव्हता. मॅट्रिक होऊन वकिली, डॉक्टरी, निदान कारकुनी, ही वाट सगळ्यांच्या ओळखीची. ‘बोटीवर’ जाणे हे काम दुसऱ्या कुणाचे, असा समज पक्का. त्यात परमुलखाची, परजातीची, परधर्माची पोरे एका जहाजावर राहणार, एकत्र खाणार. एखाद्या आजीने अंथरूण धरले असेल तर नवल नाही. तरीही मुले आली, आणि नुसती किनाऱ्यावरून आली नाहीत.

पहिल्या तुकडीतल्या एका मुलाचे नाव रामदास कटारी. जन्म १९११ चा, मद्रासजवळच्या चिंगलपेटचा. पण तो वाढला आणि शिकला हैदराबादेत. म्हणजे दख्खनच्या पठारावर, जिथे पाणी म्हणजे हुसेनसागर. शाळेतून बाहेर पडल्यावर कटारी कलकत्त्याला हुगळी नदीच्या सर्वेक्षणाच्या कामावर गेले. वाळूचे दांडे रोज जागा बदलतात अशी ती नदी. तिची खोली मोजून नकाशे करत राहणे ही तिथली नोकरी. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ते रॉयल इंडियन नेव्हीच्या राखीव दलात दाखल झाले, आणि २२ एप्रिल १९५८ रोजी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

ही तारीख जरा थांबून पाहावी अशी आहे. भूदलाला भारतीय प्रमुख मिळाले जानेवारी १९४९ मध्ये, ते कुर्गचे करिअप्पा. हवाई दलाला मिळाले एप्रिल १९५४ मध्ये, सुब्रतो मुखर्जी. नौदलाला मात्र स्वातंत्र्यानंतर अकरावे वर्ष उजाडावे लागले. तोवर व्हाइस अॅडमिरल कार्लिल यांच्यापर्यंत इंग्रजच प्रमुख होते. कारण साधे होते : तेवढ्या वर्षांच्या अनुभवाचा भारतीय नौदल अधिकारीच नव्हता. आणि अखेर जो मिळाला तो कुठल्या नौदल अकादमीतून आलेला नव्हता. तो माल वाहणाऱ्या जहाजांसाठी काढलेल्या शाळेतून आलेला होता.

सात वाव, तांबडे फडके

अशा शाळेत शिकवायचे काय, आणि कसे? एकच नमुना जवळून पाहू. पाण्याची खोली मोजायची शिशाची दोरी.

दोरीच्या टोकाला सात ते चौदा पौंडांचे शिसे. शिशाच्या बुडाला एक खळगा, त्यात चरबी भरलेली. जहाज सावकाश चालत असताना पोराने कडेला उभे राहायचे, शिसे झोक्याने पुढे भिरकावायचे, ते तळाला टेकले की दोरी ताठ धरायची आणि पाण्याच्या रेषेवर कोणती खूण आहे ती मोठ्याने सांगायची. माप वावांत, मराठीतली जुनी वाव, दोन्ही हात पसरले की होते तेवढी, सहा फुटांची. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन. पाचवर पांढरे फडके, सातवर तांबडे. दहावर भोक पाडलेले चामडे, तेरावर निळे फडके. पंधराला पुन्हा पांढरे, सतराला पुन्हा तांबडे, आणि वीस वावांवर दोन गाठी.

रंग दिवसा दिसतात. रात्री काय? म्हणून ही फडकी नुसत्या वेगळ्या रंगांची नसतात, वेगळ्या कापडाची असतात. पांढरे सुती किंवा तागाचे, तांबडे निशाणाच्या विरविरीत लोकरीचे, निळे जाड सर्जचे. अंधारात बोटांना ती ओळखता आली पाहिजेत. थंडीने बोटे बधिर झाली तर ओठांना. आणि ती खळग्यातली चरबी? तिला तळाचा मासला चिकटून वर येतो : वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा. नकाशावर तळ कसा आहे ते छापलेले असते. दोन्ही जुळले, तर धुक्यात किनारा दिसत नसतानाही आपण कुठे आहोत ते कळते.

घरी चरबीचे नावही न काढणाऱ्या पोराने ती बोटांनी खळग्यात भरायची आणि वर आलेला चिखल निरखायचा, इथून शिक्षण सुरू होई. बाकीचे याच चालीवर. होकायंत्राचे बत्तीस बिंदू सुलट म्हणायचे आणि उलटही. दोरीच्या गाठी डोळे मिटून बांधायच्या. दर अर्ध्या तासाला घंटा. चार तासांत आठ टोले आणि पहारा बदलला. सेक्स्टंटने भर दुपारचा सूर्य धरायचा आणि अक्षांश काढायचा. त्यासाठी लागणारे त्रिकोणमितीचे गणित वर्गात फळ्यावर. पण उत्तर चुकले तर वहीत फुली मारून भागत नाही, कारण मुंबई बंदर खिडकीबाहेरच आहे आणि तुमच्या गणिताने जहाज जर पुण्याच्या आसपास निघाले तर सगळी तुकडी हसते. फळ्यावरचे आणि खिडकीबाहेरचे रोज ताडून पाहता येईल अशी शाळा आपल्याकडे तेव्हाही दुर्मीळ होती, आजही आहे.

शिकून पुढे काय?

१९३० च्या सुमारास पहिली मुले बाहेर पडली आणि अर्ध्या मान्यतेची अडचण समोर आली. नोकऱ्या द्यायला हिंदी कंपन्या मोजक्या. त्यांतली मोठी सिंदिया. तिला १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश गटाशी दहा वर्षांचा करार करावा लागला होता. त्यात तिने किती जहाजे ठेवायची त्यालाच कुंपण होते, पंचाहत्तर हजार टनांचे. त्याआधी दोघांत भाड्याचे युद्ध झाले होते आणि त्यात लहान कंपन्या गारद झाल्या होत्या. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक कायदेमंडळात आणले. चर्चा गाजली, विधेयक मात्र तडीस गेले नाही. म्हणून या काळातले कॅडेट पांगलेले दिसतात : कुणी सिंदियाच्या ‘जल’ नावाने सुरू होणाऱ्या जहाजांवर, कुणी बंदरांच्या पायलट आणि सर्वेक्षण सेवांत, कुणी रॉयल इंडियन नेव्हीत.

१९३५ मध्ये शाळेने इंजिनाच्या बाजूचेही शिक्षण सुरू केले. दुसरे महायुद्ध आले आणि इतकी वर्षे ‘जागा नाही’ म्हणणाऱ्यांना एकाएकी माणसे कमी पडू लागली. जिना काढून घेतलेल्यांनीच तो परत आणून लावला. टॉर्पेडोंच्या भीतीत जहाज हाकणाऱ्याचा वर्ण कोण पाहतो?

फाळणीनंतर या शाळेचे जुने विद्यार्थी दोन देशांत वाटले गेले, तसे दोन देशांच्या जहाजांवरही.

दोन लाखांहून कमी टनांचा देश

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाकडे ५९ जहाजे होती, सगळी मिळून सुमारे १ लाख ९२ हजार टनांची. एवढ्या लांबलचक किनाऱ्याला हे काहीच नव्हे. सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४७ मध्ये वीस लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले होते. मग एकामागून एक गोष्टी घडत गेल्या. १९४८ च्या मार्चमध्ये विशाखापट्टणमला वालचंदांनीच उभारलेल्या गोदीतून ‘जल उषा’ पाण्यात उतरले. १९४९ मध्ये जहाजवाहतूक महासंचालनालय उभे राहिले. १९५० पासून किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखली गेली. हेडलॅम समितीची पहिली शिफारस सव्वीस वर्षांनी अमलात आली. १९६१ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन निघाले.

शिक्षणाचीही वाटणी झाली. इंजिनिअरिंगचे शिक्षण ‘डफरिन’वरून निघून १९४९ मध्ये कलकत्ता आणि मुंबई इथल्या वेगळ्या संस्थेकडे गेले. नोकरीतल्या अधिकाऱ्यांना वरच्या परीक्षांसाठी तयार करणारे नॉटिकल अँड इंजिनिअरिंग कॉलेज १९४८ मध्ये मुंबईत सुरू झाले. पुढे त्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले. आणि खलाशांसाठी ‘भद्रा’, ‘मेखला’, ‘नौलक्षी’ ही वेगळी प्रशिक्षण जहाजे आली. सारंगांच्या मुलांना बापाच्या पाठीमागून शिकण्याऐवजी शाळेत शिकता येऊ लागले, ही गोष्टही ‘डफरिन’च्याच खाती मांडायला हवी, कारण एकदा शाळा निघू शकते हे दिसले की दुसरी काढणे सोपे जाते.

‘राजेंद्र’ आणि ‘चाणक्य’

जहाज लोखंडाचे, आणि पाणी खारे. सत्तरी जवळ आलेल्या ‘डफरिन’ला १९७२ मध्ये निरोप देण्यात आला. तिच्या जागी ‘टी. एस. राजेंद्र’ आले, प्रशिक्षणासाठी म्हणूनच बांधलेले. नावातला व्हाइसरॉय गेला. पण तोवर जगातली जहाजे बदलू लागली होती. कंटेनर आले, संगणक आले, आणि अधिकाऱ्याकडून पदवीची अपेक्षा होऊ लागली. नांगरलेल्या जहाजावर प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि वसतिगृहे किती मावणार? १९९३ मध्ये ‘राजेंद्र’चाही कार्यकाळ संपला आणि संस्था किनाऱ्यावर आली : नवी मुंबईत, नेरुळजवळ करावे इथे, ‘टी. एस. चाणक्य’ या नावाने.

‘टी. एस.’ म्हणजे ट्रेनिंग शिप. इमारती सिमेंटच्या, पाया जमिनीत, तरी नावात जहाज आहेच. ते बदलण्याचा आग्रह कुणी धरला नाही, याचे मला बरे वाटते. गंमत अशी की आज मुंबईकरांच्या तोंडी हे नाव येते ते बहुधा पक्ष्यांमुळे. संस्थेशेजारच्या पाणथळीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि हौशी छायाचित्रकार सकाळी सहाला ‘चाणक्यला जातोय’ म्हणून निघतात. दूर कुठून तरी उडत येऊन ओहोटीच्या चिखलात मान खाली घालून काम करणारे ते पक्षी पाहिले, की संस्थेच्या जुन्या कॅडेटांना आपल्या पहिल्या महिन्याची आठवण होत असेल.

२००८ मध्ये चेन्नईला मुख्यालय असलेले भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘चाणक्य’ त्याचा नवी मुंबईचा परिसर बनले. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेतलेली मुले सामायिक परीक्षा देऊन येतात आणि नॉटिकल सायन्सची पदवी घेतात. ‘डफरिन’वर फक्त मुलगे होते, आता मुलीही असतात. जगातल्या जहाजांना माणसे पुरवणाऱ्या आघाडीच्या देशांत भारत आहे, आणि त्या माणसांत आता अधिकारी मोठ्या संख्येने आहेत.

जमेची बाजू आणि राहिलेले

स्मरणिकेतल्या इतिहासात जमेचीच बाजू लिहायची रीत आहे. मला दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते.

‘डफरिन’ने हिंदी मुलाला ब्रिजवर नेले, पण ज्याच्या बापाचा जन्म डेकवर गेला होता त्या मुलाला ते जहाज लांबच राहिले. प्रवेशाला इंग्रजी शिक्षण हवे, फी भरण्याची ऐपत हवी. हैदराबादच्या शाळेतून माझगाव गाठणे शक्य होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या झोपडीतून ते अवघड होते, जरी त्या झोपडीत ‘हबेस’ आणि ‘आरिया’ जन्मापासून कानावर पडत असले तरी. पठाराला समुद्र मिळाला ही या शाळेची थोरवी खरीच. किनाऱ्याला ब्रिज मिळायला मात्र आणखी एक पिढी थांबावे लागले.

दुसरी गोष्ट वयाची. ‘डफरिन’ शाळकरी पोरांची होती. पंधराव्या वर्षी दोरी हाती येई, आणि ती येता येता गणित कळे. आज समुद्राशी पहिली गाठ पडते ती अठराव्या वर्षी, शिकवण्या आणि प्रवेश परीक्षा उरकल्यावर. पदवीसाठी ते योग्यच आहे. पण जे पुढे समुद्रावर जाणार नाहीत अशा शहरी पोरांनाही पाण्यावर उभे राहून शिकता येईल, ही वाट त्यात बुजून गेली. न्यूयॉर्कने ती २००३ मध्ये पुन्हा उकरली. ब्रुकलिनच्या बुशविक या गरीब वस्तीत बंदराच्या विषयावर आधारलेले सरकारी हायस्कूल सुरू झाले, फी नाही. २०१० मध्ये ते बंदरातल्या गव्हर्नर्स बेटावर गेले. मुले फेरीबोटीने शाळेत जातात, बोट चालवायला आणि पाण्याखाली उतरायला शिकतात, आणि संपत आलेली कालवे बंदरात पुन्हा वाढवतात. त्यांतले सगळेच काही कप्तान होत नाहीत. त्यांना आपल्या शहराचे पाणी ओळखता येते.

मुंबईला समुद्र आहे. बंगळूरला नाही, इथे आहेत ते तलाव. हलसूरच्या तलावात मद्रास सॅपर्सच्या होड्या शिडे उभारून फिरताना मी अनेकदा पाहिल्या आहेत, आणि कुंपणाला नाक लावून त्या बघणारी शाळेच्या गणवेशातली पोरेही. बेळंदूर तलावावर फेस आला, आग लागली, तेव्हा ती बातमी देशभर गेली. पण त्या तलावाची खोली किती आणि तळाशी काय आहे, हे हाताने मोजून पाहिलेला एखादा विद्यार्थी या शहरात निघेल का, याची मला शंका आहे. शिशाचा गोळा, थोडी दोरी, तीन रंगांची फडकी आणि शिकवणारा एक माणूस, एवढ्यावर ते होऊ शकते.

शताब्दीच्या निमित्ताने माजी कॅडेट एकत्र येतील, भाषणे होतील, जुन्या घंटेवर पुन्हा टोले पडतील. त्यातल्या कुणीतरी घरी परतताना आपल्या गावातल्या एका शाळेत जाऊन आठवी-नववीच्या वर्गाला ती दोरी दाखवावी. गाव किनाऱ्यावरचे नसले तरी चालेल. कटारींचे हैदराबादही नव्हते.